शिष्याचें आसन

निकामी झालेल्या युद्धसामग्रीचें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक राष्ट्रापुढें केव्हां ना केव्हां येतोच. तोफ निकामी झाली म्हणजे ती किल्ल्याच्या दाराशीं मांडून ठेवतां येते. तरवार म्यानासह भिंतीवर टांगतां येते. विमानाचें तसें नाहीं. उडणें हाच ज्याचा धर्म, तें एकदां जमिनीला खिळलें कीं त्याचें विमानपण संपतें आणि उरतो तो केवळ पत्र्याचा आकार. आमच्या देशानें या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वींच ठरवून टाकलें आहे. सेवेंतून निवृत्त झालेलें विमान आणावें, सिमेंटच्या चौथऱ्यावर तिरकें बसवावें, भोंवतीं लोखंडी कठडा घालावा, कोणा मान्यवराकडून फीत कापवावी, आणि मग रंग उडून जाईपर्यंत त्याच्याकडे कोणीं ढुंकूनहि पाहूं नये! २६ सप्टेंबर २०२५ रोजीं मिग-२१ विमानांस वायुदलानें निरोप दिला. तेव्हां यापुढें चौथऱ्यांना विमानांची वाण पडेल असें भय बाळगण्याचें कारण नाहीं.

इंग्लंड-अमेरिकेंत निराळी रीत आहे. तेथें जुनीं लष्करी शिकाऊ विमानें अद्याप उडतीं ठेविलीं आहेत, आणि पैसे भरील त्या सामान्य नागरिकास त्यांत बसवून आकाशांत एक फेरी मारून आणतात. तें पाहून आपल्याकडेहि तसें व्हावें असें कांहीं हौशी मंडळी म्हणूं लागली आहेत. त्यावर विचारी म्हणविणारे लोक उत्तर देतात, "ही श्रीमंतांची जिवावरची चैन आहे, गरीब देशाला ती परवडावयाची नाहीं." आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि दोघांच्याहि चुकीचें मूळ एकच आहे. शिकाऊ विमानांतील दुसरें आसन कोणाचें, हें दोघेहि विसरले आहेत.

तें आसन कसें असतें, हें प्रथम पाहूं. द हॅविलंड कंपनीचें टायगर मॉथ हें या जातीचें सर्वांत प्रसिद्ध विमान. २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं तें प्रथम उडालें, आणि पुढें तशीं आठ हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्यांतील वैमानिकांच्या एका सबंध पिढीनें, आणि तींत हिंदी तरुणहि आले, आपला पहिला धडा याच विमानांत घेतला. लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांचें तें दुपंखी यंत्र. इंजिन १३० अश्वशक्तीचें. वेग आजच्या रुंद मार्गावरील भरधांव मोटारीहून फारसा अधिक नाहीं. चाकांना गतिरोधक नाहीं, आणि पुढचा पंखा माणसानें हातानें फिरवावा तेव्हां इंजिन सुरू व्हावयाचें! बसावयाच्या जागा दोन, उघड्या आणि एकीमागें एक. पुढच्या जागेवर गुरु, मागच्या जागेवर शिष्य. दोघांच्याहि हाताशीं सुकाणूचा दांडा, दोघांच्याहि पायांशीं सुकाणूची पट्टी, आणि हीं दोन्ही साधनें परस्परांस जोडलेलीं. शिष्य चुकला कीं गुरूच्या हाताला तें कळतें. गुरूनें सांवरलें कीं शिष्याच्या हाताला तें समजतें. बोलण्यासाठीं मध्यें एक नळी. एके दिवशीं गुरु पुढच्या जागेवरून खालीं उतरतो, शिष्य आपल्या मागच्याच जागेवरून एकटा उडून परत येतो, आणि त्या दिवसापासून तो वैमानिक होतो.

प्रवासी विमानांतील उतारूस बसणें, खाणें आणि झोपणें यांपलीकडे कांहीं करावयाचें नसतें. तो बोलणारा माल आहे, एवढेंच. शिकाऊ विमानांत मात्र माल ठेवण्याला जागाच नाहीं. तेथें जो बसेल त्याच्या हातीं दांडा येतो, मग तो राजा असो वा रंक. म्हणूनच इंग्लंडांत टायगर मॉथमधील कित्येक उड्डाणें 'पहिला धडा' म्हणून दिलीं जातात, आणि पैसे भरून आलेला गृहस्थ अर्ध्या तासापुरता विद्यार्थी होऊन बसतो. कायद्याची ही केवळ पळवाट आहे, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, पळवाटेनें कां होईना, पण कायद्याला येथें सत्य सांपडलें आहे.

सामान्य माणसास विमानाची पहिली ओळख शिकाऊ विमानानेंच करून दिली, असा इतिहासहि आहे. पहिलें महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारनें कर्टिस जेनी जातीचीं शिकाऊ विमानें मोठ्या संख्येनें स्वस्तांत विकून टाकिलीं. रिकामे झालेले तरुण वैमानिक तीं विकत घेऊन गांवोगांव हिंडूं लागले; शेतकऱ्याच्या कुरणांत उतरावें, जत्रेंत कसरती दाखवाव्या, आणि थोडक्या पैशांत लोकांस वर नेऊन आणावें, हा त्यांचा धंदा झाला. त्यांत बेफिकिरी पुष्कळ होती आणि माणसेंहि मेलीं. तेव्हां त्या प्रकाराची आम्ही भलावण करीत नाहीं. परंतु आकाश ही कांहीं सरदार-दरकदारांची जहागीर नव्हे, हें तेथील खेडुतांस कुरणांत उतरलेल्या त्या मोडक्या यंत्रांनींच शिकविलें, हें विसरून चालणार नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. हिंदुस्थानांतील विमानधंद्याचा आरंभच मुळीं शिकाऊ विमानापासून आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा हात आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४० च्या डिसेंबरांत बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, आणि पुढल्याच वर्षीं त्या कारखान्यांत जुळणी होऊन जें पहिलें विमान उडालें, तें हार्लो नांवाचें शिकाऊ विमान होतें. त्या कारखान्यास डॉ. विष्णु माधव घाटगे येऊन मिळाले. कोल्हापूर भागांतील हसूरचंपू या खेड्यांत १९०८ सालीं जन्मलेला हा माणूस जर्मनींत गटिंगेन येथें जाऊन प्रांट्ल या जगद्विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखालीं वायुगतिशास्त्र शिकला, आणि स्वातंत्र्य मिळतांच त्यानें आपल्या सहकाऱ्यांसह संपूर्णपणें या देशांत कल्पिलेलें पहिलें विमान आंखलें. तें एच्‌टी-२. तें १९५१ च्या ऑगस्टमध्यें उडालें. तें लढाऊ नव्हतें कीं प्रवासीहि नव्हतें. धातूचें, दोन आसनांचें, साधें शिकाऊ विमान होतें. स्वतंत्र झालेल्या देशानें आपल्या बुद्धीनें पहिलें विमान बांधावयाचें ठरविलें, तेव्हां त्यानें शाळा बांधली, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. तशीं दीडशेंहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. घाना देशानेंहि कांहीं घेतलीं. आणि आपल्या वायुदलांतील वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यांवर तयार झाल्या.

या घाटग्यांचें नांव आजच्या किती सुशिक्षित मराठी घरांत ठाऊक आहे? फार थोड्या. परंतु १८९५ सालीं चौपाटीवर विमान उडाल्याची कथा ठाऊक नाहीं असें घर विरळा! त्या उड्डाणास विश्वसनीय असा समकालीन पुरावा नाहीं. ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाच्या बळावर प्राचीन विमानांचीं वर्णनें केलीं जातात, तो विसाव्या शतकांत रचलेला असून त्यांतील यंत्रें उडूंच शकणार नाहींत, असें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालींच दाखवून दिलें. तरीहि २०१५ च्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. जें कधीं उडालेंच नाहीं त्याचा अभिमान, आणि जें शेंकडों तरुणांस घेऊन उडालें त्याचें विस्मरण! जुन्या विमानाविषयींची आमची आस्था ही मुख्यतः न पाहिलेल्या विमानाविषयींची आस्था आहे. कारण न पाहिलेल्या विमानास तेल लागत नाहीं, कारागीर लागत नाहीं आणि तपासनीसहि लागत नाहीं.

सगळाच अंधार आहे असें मात्र नाहीं. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जें उड्डाण केलें, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं जुन्या लेपर्ड मॉथ विमानांत बसून तोच मार्ग पुनः आक्रमिला आणि जुहूच्या धांवपट्टीवर ते स्वहस्तें उतरले. वायुदलानेंहि एक टायगर मॉथ दुरुस्त करवून २०१२ च्या वायुदलदिनीं हिंडन येथें उडविलें, आणि २०१८ सालीं एक जुनें डकोटा विमान आपल्या संग्रहांत दाखल करून घेतलें. हीं कृत्यें गौरवास्पद आहेत. परंतु या सर्वांत नागरिकाची भूमिका काय? तर मान वर करून पाहण्याची! प्रेक्षक म्हणून आपणांस आकाश मोकळें आहे. शिष्य म्हणून नाहीं. घाटग्यांच्या एच्‌टी-२ मध्यें बसून अर्धा तास सुकाणू हातीं घेतां येईल अशी सामान्य माणसाकरितां कांहीं सोय आज या देशांत नाहीं.

येथें विचारी पक्षाचा पहिला आक्षेप येतो, आणि तो टाळण्याजोगा नाहीं. जुनें विमान म्हणजे मृत्यूचें आमंत्रण, असें ते म्हणतात; आणि त्यांच्यापाशीं दाखलेहि आहेत. ते आम्ही त्यांच्याहून स्पष्टपणें मांडतों. ४ ऑगस्ट २०१८ रोजीं, स्विस वायुदलांत पूर्वीं असलेलें, १९३९ सालचें एक युंकर्स विमान आल्प्स पर्वतांत कोसळलें आणि त्यांतील वीसच्या वीस माणसें मेलीं. २ ऑक्टोबर २०१९ रोजीं अमेरिकेंत कनेक्टिकट राज्यांत महायुद्धकालीन बी-१७ विमान उतरतांना आदळलें; तेरांपैकीं सात मेलीं, आणि त्यांत पैसे भरून बसलेले पांच होते. डिसेंबर २०१३ मध्यें ऑस्ट्रेलियांत एका टायगर मॉथचा पंख कसरत करतांना आकाशांतच निखळला. वैमानिक आणि उतारू दोघेहि गेले.

आतां चौकशीअंतीं काय निघालें तेंहि पहावें. स्विस विमानाच्या वैमानिकांनीं डोंगरांच्या चिंचोळ्या खिंडींत अनावश्यक धोका पत्करून विमान घातलें होतें, आणि देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचें तिकडे पुरेसें लक्ष नव्हतें. अमेरिकन विमानाच्या इंजिनांची निगा नीट राखली गेली नव्हती. टायगर मॉथची कथा तर सर्वांत बोधप्रद आहे. ज्या पोलादी सळ्या तुटल्या त्या विमानाबरोबर जन्मलेल्या नव्हत्या. त्या पुष्कळ मागाहून तयार करून बसविलेल्या होत्या, आणि ठरवून दिलेलें आयुष्य भरण्यापूर्वींच त्यांस आंटे पाडलेल्या जागीं भेगा गेल्या. म्हणजे म्हाताऱ्या विमानास तरुण सळीनें मारलें! या तीन दाखल्यांवरून आम्ही असें समजतों कीं जुनेपण माणसें मारीत नाहीं, हयगय मारते. आणि नवें तें निर्धोक म्हणावें, तर आमच्याच देशांत एच्‌टी-२ च्या जागीं आलेल्या एचपीटी-३२ या अधिक नव्या शिकाऊ विमानाचीं उड्डाणें वारंवारच्या अपघातांमुळें २००९ सालीं थांबवावीं लागलीं. तेव्हां वय विचारूं नका. निगा कोण राखतो, तपासतो कोण, आणि तपासणाऱ्यास तपासतो कोण, हें विचारा. आक्षेपकांस असें म्हणावयाचें असेल कीं इतकी निगा आमच्या हातून होणारच नाहीं, तर तें त्यांनीं उघड म्हणावें. मग जुन्या विमानांवर बंदी घालून भागणार नाहीं, नव्या विमानांतहि बसतां यावयाचें नाहीं.

दुसरा आक्षेप चैनीचा. इंग्लंडांत अर्ध्या तासाच्या अशा उड्डाणास आपल्या वीस हजार रुपयांहून अधिक पडतात. तेवढे पैसे मोजून आकाशांत चक्कर मारून येणें ही चैन नव्हे तर काय? येथें आम्ही आक्षेपकांस एका गांवीं घेऊन जातों. नाशिक जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत, गुजरातच्या सीमेजवळ हरसूल म्हणून गांव आहे. भोंवतालीं डोंगर, वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली यांची, पीक भाताचें आणि नागलीचें. बोहाड्याचे मुखवटे चढविले कीं तेथला शेतकरी रात्रभर देव होतो, आणि दिवस उजाडल्यावर पुनः शेतकरी. पावसाळ्यांत तेथें धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यांत हंड्याभर पाण्यासाठीं पायपीट. सुगी सरली कीं या भागांतलीं माणसें मजुरीसाठीं द्राक्षबागांकडे उतरतात. आणि याच जिल्ह्यांत, हरसूलपासून शंभर किलोमीटरच्या आंत, ओझरचा कारखाना आहे. १९६४ सालीं स्थापन झालेल्या या कारखान्यांत मिग विमानें झालीं, सुखोई विमानें झालीं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेथें जुळविलेल्या पहिल्या तेजस विमानानें उड्डाण केलें, आणि त्याच दिवशीं एच्‌टीटी-४० या नव्या शिकाऊ विमानाच्या जुळणीचीहि तेथें सुरुवात झाली. एकाच जिल्ह्याच्या एका टोंकास विमान जन्मतें, आणि दुसऱ्या टोंकास तें ढगांतला आवाज म्हणून राहतें!

हें अंतर रस्त्यानें मिटणारें नाहीं. हरसूलच्या मुलानें वैमानिक वा विमानाचा कारागीर होण्याचें मनांत आणावें, तर आधीं तें मनांत यावें लागतें. आणि जें डोळ्यांनीं जवळून पाहिलें नाहीं, ज्याला हात लागला नाहीं, तें मनांत येतें कोठून? आमच्या मुलांस मामा-काका अमेरिकेंत असतात, विमानतळ पांढरपेशा घरास एस्‌टीच्या स्थानकाइतका परिचित झाला आहे. त्यांस आकाशाचें नवल नाहीं. ज्यांस तें आहे त्यांच्यापाशीं वीस हजार नाहींत. म्हणून, जुनें शिकाऊ विमान उडवावें कीं नाहीं या प्रश्नाची आमची कसोटी एकच: त्याचें दुसरें आसन हरसूलपर्यंत पोंचतें कीं नाहीं? पोंचत नसेल तर ती चैनच आहे आणि आम्ही आक्षेपकांच्या बाजूचे आहों. पोंचत असेल तर ती शाळा आहे, आणि शाळेस चैन म्हणण्याचें धाडस करणाऱ्यानें आपल्या मुलाचें नांव आधीं शाळेंतून काढावें.

"तहानलेल्या गांवास विमान काय दाखवितां? आधीं पाणी द्या," असें कोणी म्हणेल. पाणी आधींच द्यावयास हवें होतें. परंतु तें न देण्याचें पाप एच्‌टी-२ चें नाहीं. आणि गरिबास प्रथम भाकर, मग पाटी, आणि शेवटीं कधीं काळीं स्वप्न, ही जी उतरंड आम्ही लावून ठेविली आहे, तिच्यांत स्वप्नाची पाळी कधीं येतच नाहीं, हा आजवरचा अनुभव आहे.

मात्र एक गोष्ट हौशी पक्षास बजावून सांगितली पाहिजे. इंग्लंडांतील पद्धतीचा पाया संमति हा आहे. "हें विमान प्रवासी विमानाइतकें निर्धोक नाहीं," असें उतारूस स्पष्ट सांगावयाचें, त्यानें तें समजून घेऊन सही करावयाची, आणि मगच बसावयाचें. ज्याच्या खिशांत पैसा आहे आणि ज्यास नको म्हणून घरीं जातां येतें, त्याच्या संमतीला अर्थ आहे. आश्रमशाळेंतल्या तेरा वर्षांच्या पोरीस रांगेंत उभें करून, पाहुण्यांदेखत, छायाचित्र काढणाऱ्यांसमोर, "बसतेस ना?" असें विचारणें ही संमति नव्हे. ज्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक नाहीं, त्याचें हो खोटें. म्हणून लहान मुलांस आम्ही विमान जमिनीवर दाखवूं. त्यांनीं त्याच्या पंखाखालीं जावें, इंजिनाचें झांकण उघडून पाहावें, दांडा हलविला म्हणजे शेंपूट कसें हलतें तें समजून घ्यावें. आकाशांत न्यावयाचें तें सज्ञान झालेल्यांस, आणि तेंहि त्यांच्या भाषेंत धोका सांगून. श्रीमंताच्या जिवाला जो नियम, तोच गरिबाच्या जिवाला. दानाच्या नांवाखालीं तो एका अक्षरानेंहि सैल होतां कामा नये.

तेव्हां करावें काय? ओझरसारख्या ठिकाणीं, जेथें विमानाचे कारागीर आहेत आणि धांवपट्टीहि आहे, तेथें एखादें तरी एच्‌टी-२ पुनः उडण्याजोगें करावें. त्या दुरुस्तीच्या कामावर जिल्ह्यांतील औद्योगिक शाळांच्या विद्यार्थ्यांस, हरसूल-पेठ-सुरगाण्याकडच्या मुलामुलींस प्रथम, उमेदवार म्हणून घ्यावें. कारण जुनें यंत्र हातानें खोलून पुनः बसविण्यासारखें दुसरें शिक्षण नाहीं. कसरती नकोत, गर्दीवरून उड्डाण नको, डोंगरांत घुसणें नको. प्रत्येक सळीचें आणि प्रत्येक पंखाचें आयुष्य नोंदवावें, आणि तपासणीचे अहवाल कोणासहि वाचावयास मिळावे. ज्यांस ऐपत आहे त्यांनीं पुरती किंमत मोजून बसावें. त्यांच्या पैशांतून विमानाचा खर्च निघावा. आणि अशा प्रत्येक चार आसनांमागें पांचवें आसन, किंमत न घेतां, दुरुस्तीच्या कामावर राबलेल्या विद्यार्थ्यास मिळावें. १९३४ चा विमानकायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम अंमलांत आला आहे. नव्या कायद्याखालीं नवे नियम करतांना अशा उड्डाणांसाठीं एक स्वतंत्र, कडक, परंतु उघडी वाट ठेवणें सरकारास अशक्य नाहीं.

यास खर्च येईल, वेळ लागेल, आणि इतक्या जुन्या इंजिनाचे भाग मिळवितांना कारागिरांचा घामटा निघेल. परंतु चौथरा बांधावयासहि खर्च येतोच, आणि त्या खर्चांतून एकहि कारागीर तयार होत नाहीं, हा फरक ध्यानांत घ्यावा. घाटग्यांनीं आपल्या पहिल्या विमानांत दोन आसनें ठेविलीं तीं शोभेसाठीं ठेविलीं नव्हतीं. एकावर जाणत्यानें बसावें, दुसऱ्यावर न जाणत्यानें, आणि उतरतांना दोघांमधलें अंतर थोडें कमी झालेलें असावें, एवढ्याचसाठीं तें यंत्र जन्मलें होतें. हौशी लोकांनीं तें आसन बाजारांत मांडूं नये, विचारी लोकांनीं तें चौथऱ्यावर गंजत ठेवूं नये. तें शिष्याचें आहे. आणि शिष्य हरसूलला आहे.